सदतिशीतला क्वार्टरबॅक आणि पुस्तकातला घसारा

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्या नादाने आम्हा दोघांनाही तिकडच्या फुटबॉलचं वेड लागलंय. सोमवारी सकाळी इकडे पोहे होईस्तोवर रविवार रात्रीचा सामना अर्धा झालेला असतो. मुलगा राहतो तिथल्या टीमचा क्वार्टरबॅक सदतीस वर्षांचा आहे आणि त्याच्या कराराचं आता शेवटचं वर्ष. मागच्या मोसमात टीम प्लेऑफला गेली आणि पहिल्याच सामन्यात हरली. त्याच्या आदल्या वर्षी खांदा दुखावून तो चार सामने बाहेर होता. आता त्याला आणखी दोन वर्षं हवीत, तीही सगळ्या पैशाच्या हमीसकट. मुलगा म्हणतो, द्या. त्याच्यामागे आहे कोण? आमचे हे म्हणतात, वेळेवर निरोप दिला तर दोघांचीही शोभा राहते. टीमचं नाव छापू नका, मुलगा रागावेल. तुम्ही हिशोबातले आहात, तुम्हीच सांगा.
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, निकाल आधी सांगून टाकतो. एक वर्ष वाढवावं, दोन नाही. यंदाच्या पैशाची पूर्ण हमी द्यावी, पुढच्या वर्षाच्या थोड्याच भागाची. आणि येत्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातली नवी पोरं संघ पाळीपाळीने निवडतात; मागच्या मोसमात हरलेल्यांची पाळी आधी, जिंकलेल्यांची शेवटी) एक तरुण क्वार्टरबॅक घेऊन त्याला मागे बसवावं. यातलं शेवटचं होणार नसेल, तर तुमच्या ह्यांचं म्हणणं मला जास्त पटतं.

आता कारणं. तुमच्या घरात वाद चाललाय तो खांद्यावर: अजून किती दिवस टिकेल? हा प्रश्न डॉक्टरांनाही सुटत नाही. मी आयुष्यभर कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यात बसलो, मला खांद्यातलं काही कळत नाही. मी एवढंच विचारतो की पैसा कोणत्या वर्षाच्या खात्यात पडणार आणि त्या वर्षी मैदानावर कोण असणार.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अकरा-अकरा खेळाडू. चेंडू हातात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, आणि जवळपास प्रत्येक संधीला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. फेकायचा, द्यायचा की स्वतः पळायचं, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. एनएफएल या तिकडच्या लीगमध्ये मैदानावरचे आणि बाकावरचे धरून एका संघात ५३ जण असतात आणि सगळ्यांच्या पगारावर मिळून एक वरची मर्यादा असते. ती १९९४मध्ये आली तेव्हा ३.४६ कोटी डॉलर होती, २०२४मध्ये २५.५४ कोटी झाली, २०२५मध्ये २७.९२ कोटी. आयपीएलच्या लिलावात संघाच्या पर्समध्ये ठरावीक रक्कम असते, तसंच हे. एकाला जास्त दिले की उरलेल्या बावन्नांच्या ताटात तेवढं कमी.

आपल्या पर्समध्ये आणि त्यांच्या मर्यादेत एक मोठा फरक आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे. तिथे करार करताना खेळाडूच्या हातात जो मोठा बोनस ठेवतात, तो हिशोबात एकाच वर्षी धरावा लागत नाही. जास्तीत जास्त पाच वर्षांवर सारखा वाटता येतो. आम्ही यंत्राचा घसारा धरायचो, हुबेहूब तसं. नवा माग घेतला, पैसे पहिल्याच दिवशी गेले, पण पुस्तकात त्याची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्ची पडते. माग दोन वर्षांत मोडीत निघाला तर? पुस्तकात उरलेली किंमत त्याच वर्षी एकदम नुकसानीत घ्यावी लागते. तिकडे याला डेड मनी म्हणतात. मला विचाराल तर नाव अगदी बरोबर ठेवलंय.

आकड्यात मांडू. समजा तुमच्या क्वार्टरबॅकला ४ कोटी डॉलरचा बोनस दिला आणि खऱ्या दोन वर्षांना कागदावरची आणखी दोन जोडली. ही कागदी वर्षं तो खेळणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. ती फक्त वाटणीसाठी. दरवर्षी १ कोटी पडला. यंदाचं ओझं हलकं दिसतं, व्यवस्थापक खूश, मोकळ्या झालेल्या पैशात एखादा चांगला बचावपटूही येतो. दोन वर्षांनी खेळाडू घरी गेला की उरलेले २ कोटी त्या वर्षीच्या माथी. टॉम ब्रेडी या नामवंत क्वार्टरबॅकचं हेच झालं. तो २०२३च्या फेब्रुवारीत निवृत्त झाला आणि त्या मोसमात टँपा बे या त्याच्या संघाच्या हिशोबात त्याच्या नावावर सुमारे ३.५ कोटी डॉलर पडले. माणूस मैदानावर नाही, पण मर्यादेतली जागा अडवून बसलाय. अर्थात टँपाने तक्रार करायचं कारण नव्हतं. त्याच माणसाने ४३व्या वर्षी, २०२१च्या फेब्रुवारीत, त्यांना सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला होता. घसारा होता, पण मागाने कापड काढून दिलं होतं.

कापड निघालंच नाही तर काय, ते डेन्व्हरला विचारा. २०२२च्या मार्चमध्ये त्यांनी रसेल विल्सन या क्वार्टरबॅकला सिअ‍ॅटलकडून आणलं. जुन्या कराराची दोन वर्षं शिल्लक होती. तरी एकही सामना खेळायच्या आधी, सप्टेंबरमध्ये, त्यावर आणखी पाच वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार चढवला. ती नवी पाच वर्षं २०२४पासून सुरू व्हायची होती. २०२४च्या मार्चमध्ये त्याला काढून टाकलं. म्हणजे वाढवलेल्या करारातला एक दिवसही तो तिथे खेळला नाही आणि डेन्व्हरच्या हिशोबात ८.५ कोटी डॉलरचा डेड मनी आला. एका वर्षात घेतला असता तर कंबरडंच मोडलं असतं, म्हणून नियमाने मिळणारी सवलत घेऊन दोन वर्षांत वाटला: २०२४ला ५.३ कोटी, उरलेला २०२५ला. ५.३ कोटी म्हणजे त्या वर्षीच्या मर्यादेचा जवळजवळ पाचवा हिस्सा. तेव्हा विल्सन काही म्हातारा नव्हता. करारावर सही करताना तेहतिशीचा होता. वय हा धोक्याचा एक भाग, घाई हा दुसरा.

आणि तरीही डेन्व्हर बुडालं नाही. इथे तुमच्या मुलाने नीट लक्ष द्यावं. २०२४च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी बाराव्या पाळीला बो निक्स घेतला. ड्राफ्टमधून आलेल्या पोरांचे पगार २०११पासून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे असतात, त्यामुळे निक्सचे चार वर्षांचे मिळून २ कोटी डॉलरच्या आत. ५.३ कोटींचा मृत खर्च वाहत ती टीम १० सामने जिंकली आणि प्लेऑफला गेली. स्वस्त तरुण क्वार्टरबॅक म्हणजे या लीगमधलं सगळ्यात मोठं अनुदान. त्याची पहिली चार वर्षं संघाच्या तिजोरीला जेवढा श्वास देतात तेवढा दुसरं काहीच देत नाही. म्हणून सदतिशीतल्या माणसाला दोन वर्षं द्यायची का, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: ती दोन वर्षं त्या पोराची तर नाहीत ना?

वयाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण लोकांना वाटतं माणूस हळूहळू उतरतो. क्वार्टरबॅकचं तसं नसतं. पेटन मॅनिंगने २०१४मध्ये ३९ टचडाउन पास (ज्यांतून थेट गुण मिळतात ते) टाकले, २०१५मध्ये ९, आणि चुकीचे म्हणजे समोरच्यांच्या हातात गेलेले १७. ब्रेट फार्वने चाळिशीत, २००९ला, ३३ टचडाउन आणि फक्त ७ चुका केल्या. पुढच्याच वर्षी ११ आणि १९. एका मोसमात जिना संपतो. पायरी कुठे संपणार ते आधी दिसत नाही. उलट ब्रेडीने ४४व्या वर्षी ५,३१६ यार्डांचे पास टाकले, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. म्हणजे सदतिशीतला माणूस यंदा उत्तम खेळेल यावर मी पैसे लावीन. यंदा आणि पुढच्या वर्षीही खेळेल यावर कमी लावीन. त्याच्याही पुढच्या वर्षावर मी लावणार नाही आणि तुमच्या टीमनेही लावू नये. हमी पहिल्या वर्षापुरती, असं मी म्हणतो ते याच हिशोबाने.

इंदूरच्या माणसासमोर वयाची गोष्ट काढली की कर्नल सी. के. नायडूंचं नाव निघणारच. १९२३मध्ये होळकर दरबाराने त्यांना इथे बोलावून सैन्यात हुद्दा दिला, पन्नाशीला आल्यावर त्यांनी रणजीत २०० धावांची खेळी केली, आणि एकसष्टाव्या वर्षीही ते प्रथम दर्जाचं क्रिकेट खेळत होते. माझे वडील नेहरू स्टेडियमवरच्या गप्पांत हे इतक्यांदा ऐकवायचे की चाळिशीतला कुणी थकलो म्हणाला की त्यांना रागच यायचा. पण दोन गोष्टी ते सांगत नसत. सीकेंना आडवं करायला कुणी मागून धावत नव्हतं. आणि होळकरांच्या तिजोरीला कुठल्या लीगची पगारमर्यादा नव्हती; राजाला पसंत असेपर्यंत माणूस दरबारी.

आता मागे कोण बसवायचं. या बाबतीत मला ग्रीन बे या एका गावाची पद्धत सगळ्यांत आवडते. (गाव लहान, आणि टीमचे मालक गावकरी-भागधारक, एक शेठ नाही. हिशोब नीट ठेवण्याची सवय त्यातूनच आली असेल, असा माझा आपला समज.) २००५मध्ये फार्व जोरात असताना त्यांनी चोविसाव्या पाळीला अ‍ॅरन रॉजर्स घेतला. तीन वर्षं बसवला. २००८ला फार्व न्यूयॉर्कला धाडला आणि २०११च्या फेब्रुवारीत रॉजर्सने सुपर बोल जिंकला. २०२०ला रॉजर्स जोरात, तेव्हा सव्विसाव्या पाळीला जॉर्डन लव्ह घेतला. रॉजर्स चिडला, गावही चिडलं, आणि रॉजर्स त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग मात्र २०२२च्या मार्चमध्ये ग्रीन बेनेही मोह केला: तीन वर्षांचे १५ कोटी डॉलर. टीम त्या मोसमात प्लेऑफला पोहोचली नाही आणि वर्षभरात रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सला गेला, मागे सुमारे ४ कोटींचा डेड मनी सोडून. जेट्ससाठी पहिल्या सामन्यात चौथ्या चेंडूला त्याच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला आणि मोसम संपला. तो तेव्हा एकोणचाळिशीचा होता. ग्रीन बेचं नुकसान झालं ते करार वाढवताना. सावरले ते मागे लव्ह तयार होता म्हणून.

पाळीचे आकडे पाहा, ताई: चोविसावी, सव्विसावी. तुमच्या मुलाची टीम प्लेऑफच्या पहिल्या फेरीत हरली, म्हणजे ड्राफ्टमध्ये तिची पाळी त्याच आसपास. मुलगा म्हणतो मागे कोणी नाही. बरोबर आहे, पण कोणी नसणं हे दैव नव्हे, तो दोन-तीन वर्षांचा निर्णय आहे.

अटलांटाने २०२४ला दोन्ही केलं आणि उलट क्रमाने केलं. मार्चमध्ये टाचेच्या शस्त्रक्रियेतून उठत असलेल्या पस्तिशीतल्या कर्क कझिन्सला चार वर्षं आणि १० कोटी डॉलरची हमी. एप्रिलमध्ये आठव्या पाळीला मायकेल पेनिक्स. डिसेंबरात कझिन्स बाकावर. महाग म्हातारा आणि महाग पाळी, दोन्ही एकाच जागेसाठी. कॅन्सस सिटीने २०१७मध्ये हेच शहाणपणाने केलं होतं. अ‍ॅलेक्स स्मिथ तेहतिशीचा, त्याचा करार चालू होता, त्यात भर न घालता दहाव्या पाळीला पॅट्रिक माहोम्स घेतला. स्मिथने कारकिर्दीतला सर्वोत्तम मोसम खेळून दाखवला. कराराला हातही न लावता पुढच्या वर्षी त्याला वॉशिंग्टनला दिला. पुढचे पैसे वॉशिंग्टनने मोजले. माहोम्सने २०१८मध्ये ५० टचडाउन टाकले. सरळ आहे: म्हाताऱ्याला खेळवा, त्याचा मान ठेवा, पण पोराच्या वर्षांवर त्याचं कर्ज चढवू नका.

तर मुलाला सांगा, द्यायला हरकत नाही, पण कागदी वर्षं दोनपेक्षा जास्त जोडलेली दिसली की समजायचं, व्यवस्थापक स्वतःची नोकरी वाचवतोय. ह्यांना सांगा, निरोपाची शोभा खरी, पण विसाच्या पुढच्या पाळीला तयार क्वार्टरबॅक मिळत नाही, कच्चा मिळतो. त्याला शिकायला एक वर्ष लागतं आणि ते वर्ष कुणीतरी खेळून काढावं लागतं. त्यासाठी हा सदतिशीतला गडी उत्तम.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही पेटन मॅनिंगला काढण्याचं समर्थन केलंत. ज्याने चौदा वर्षं दिली त्याला आजारपणात घराबाहेर काढायचं, ही कुठली रीत? आणि खेळाडूने हमी मागितली तर तुम्ही त्याला लोभी म्हणता.
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : लोभी मी म्हटलेलं नाही. या लीगमध्ये हमी नसलेला करार म्हणजे संघाच्या मर्जीचा करार. उद्या काढला तर उरलेली वर्षं हवेत. मी खेळाडूच्या बाजूला बसलो असतो तर हमीशिवाय पेन उघडलं नसतं. वरच्या ताईंच्या क्वार्टरबॅकने दोन वर्षं मागणं योग्य आणि टीमने एक देणं योग्य, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. घासाघीस म्हणतात ती याच जागी होते.

मॅनिंगचं असं होतं की मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११चा अख्खा मोसम तो बाहेर होता, आणि २०१२च्या मार्चमध्ये त्याला २.८ कोटी डॉलरचा बोनस देण्याची तारीख आली होती. आदल्या दिवशी इंडियानापोलिसने त्याला मोकळं केलं. निरोपाच्या पत्रकार परिषदेत मालक आणि खेळाडू दोघांचे आवाज जड झाले होते, ते नाटक नव्हतं. मग त्यांनी पहिल्या पाळीला अँड्र्यू लक घेतला, तीन वर्षं ओळीने प्लेऑफ खेळले. मॅनिंग डेन्व्हरला गेला, २०१३ला ५५ टचडाउनचा विक्रम केला आणि २०१६च्या फेब्रुवारीत सुपर बोल घेऊन थांबला. तिकडे लक दुखापतींना कंटाळून २०१९ला, तिशीच्या आतच निवृत्त झाला. कोणी बरोबर केलं? २०१२ला समोर होता तेवढा कागद पाहिला तर इंडियानापोलिसने. तुम्हाला ते बोचतं, मलाही बोचतं. पण बोचणं आणि चुकणं वेगळं.

प्रश्न : काका, चेन्नईने आयपीएल २०२५साठी धोनीला फक्त ४ कोटींत ठेवलं. अमेरिकेतल्या टीमला असं स्वस्तात म्हातारा खेळाडू ठेवता येत नाही का? मी दहावीत आहे.
— देवास

उत्तर : बाळा, धोनी स्वस्तात राहिला तो नियमामुळे. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला अनकॅप्ड, म्हणजे देशाकडून न खेळलेला, धरायचं ठरलं. त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना २०१९च्या विश्वचषकातला उपांत्य सामना. १२० कोटींच्या पर्समधून ४ कोटी म्हणजे किरकोळ. शिवाय आपल्याकडे बोनस पुढच्या वर्षांवर ढकलता येत नाही, म्हणून डेड मनी नाही. यंदाचं यंदा.

अमेरिकेत स्वस्तात मिळतो, पण दुसऱ्याच्या खर्चाने. वर ज्या विल्सनचं रामायण सांगितलं, त्याला डेन्व्हरने काढल्यावर पिट्सबर्गने २०२४साठी १२.१ लाख डॉलरला घेतलं. त्याला हमीचे पैसे डेन्व्हर देतच होतं, म्हणून त्याने जास्त मागितलेच नाहीत; मागितले असते तर तेवढे डेन्व्हरचे वाचले असते! राजवाड्यावर कुणी हे ऐकलं तर म्हणेल, भिया, हिशोब तो बराबर है. दहावीचं वर्ष आहे, सामने बेताने बघ.

थोडक्यात : सामन्याच्या वेळा विचारणारे बरेच जण आहेत, सगळ्यांना एकच उत्तर. रविवार रात्रीचा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे ५:५०ला सुरू होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, त्या दिवसापासून ६:५०. दुपारचे सामने रविवारी रात्री साडेदहाला, नोव्हेंबरपासून साडेअकराला. ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी असतो, पहिली फेरी गुरुवारी रात्री तिकडे, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे. लोकमान्य नगरच्या ताईंनी तो जरूर पाहावा आणि विसाव्या पाळीनंतर मुलाच्या टीमने कुणाचं नाव घेतलं ते मला कळवावं.